साहेबांचा मेल कळतो, बोलणं कळत नाही: कोरियन बोलींविषयी

नुकत्याच कामाला लागलेल्या एका दुभाषी मुलीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी पास झाली, पुण्याजवळच्या एका कोरियन कारखान्यात दुभाषी म्हणून दोन महिने झाले. छांगवॉनहून आलेले साहेब मेल लिहितात तो शब्दन्‌शब्द कळतो, पण तेच साहेब लाइनवर बोलायला लागले की निम्मंही हाती लागत नाही. मग मी चुकीची कोरियन शिकले का? आता त्यांची बोली बोलायला शिकू का? आणि ते सारखे चिडलेले का वाटतात?

आधी भीती काढून टाकते. तुम्ही शिकलात ती कोरियन बरोबर आहे. तुमचे डोळे तयार झालेत, कान अजून सोलबाहेर पडलेले नाहीत, एवढाच हा मामला आहे. मी सोळा वर्षं कारखान्यांत दुभाष्याचं काम करते आणि संध्याकाळी कोरियन शिकवते. जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी पहिल्या नोकरीत इथेच अडतो.

मेल का कळतो ते पाहू, कारण उत्तराचा अर्धा भाग तिथेच आहे. आजचं कोरियन शुद्धलेखन 1933 साली कोरियन भाषा मंडळाने ठरवलेल्या नियमांवर उभं आहे, आणि त्यांचं मूळ सूत्र असं की शब्दाचं मूळ रूप कागदावर शक्यतो बदलायचं नाही. किंमत या अर्थाचा ‘गाप्स’ हा शब्द घ्या. एकटा आला की ‘गाप’ ऐकू येतो, पुढे कर्त्याचा प्रत्यय आला की ‘गाप्सी’, आणि ‘फक्त’ या अर्थाचा ‘मान’ जोडला की ‘गाम्मान’. तोंडात तीन रूपं, कागदावर एकच. त्यात दक्षिण कोरियाच्या 1988 च्या नियमांनी प्रमाण भाषा म्हणजे ‘सुशिक्षित लोक सर्रास वापरतात ती आजची सोलची भाषा’ असं लिहून ठेवलं आहे. शाळा, परीक्षा, ऑफिस सगळं त्यावर चालतं. त्यामुळे बुसानचा माणूस असो की ग्वांगजूचा, मेल लिहायला बसला की तो सोलचाच होतो. त्याचा सूर, त्याची क्रियापदाची शेपटं, त्याचे घरचे शब्द काही म्हणजे काही त्या मेलमध्ये येत नाही. टोपिकच्या ऐकण्याच्या परीक्षेतही येत नाही.

आता तुमच्या वाट्याला नेमके छांगवॉनचे साहेब का आले? हा निव्वळ योगायोग नाही. 1960 आणि 70 च्या दशकांत कोरियाचे अवजड उद्योग मुख्यतः आग्नेयेच्या ग्यॉंगसांग प्रांतांत उभे राहिले. उल्सानला गाड्या आणि जहाजं, फोहांगला पोलाद, गुमीला इलेक्ट्रॉनिक्स, छांगवॉनला यंत्रसामग्री आणि घरगुती उपकरणं. भारतातल्या कोरियन कारखान्यांत मशीन लावायला, लाइन चालू करून द्यायला जी माणसं येतात, त्यांतली पुष्कळ त्या मूळ कारखान्यांतून येतात. तुम्ही मालिका पाहून सोलची कोरियन कानात भरली, आणि नोकरी लागली ती थेट ग्यॉंगसांगच्या दारात. म्हणून पहिला हात याच बोलीवर टाका. कोरियात बोलीला ‘साथुरी’ म्हणतात, आणि नुसतं ‘साथुरी’ म्हटलं की अनेकांच्या मनात आधी हीच येते.

या बोलीतली सर्वांत उपयोगी गोष्ट सांगते. मराठी माणसाला ती सोलच्या माणसापेक्षाही लवकर कळते, असा माझा वर्गातला अनुभव आहे. आपण ‘कुठे जातोयस?’ आणि ‘कुठे जातोयस का?’ यांत फरक करतो. पहिल्याचं उत्तर ‘बाजारात’, दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. सोलच्या बोलण्यात दोन्हींना ‘ऑदि गानि?’ असंच म्हणतात, फरक फक्त आवाजाच्या चढउतारात. ग्यॉंगसांगमध्ये मात्र शेपूटच वेगळं आहे. ‘ऑदि गानो?’ म्हणजे कुठे जातोयस, आणि ‘ऑदि गाना?’ म्हणजे कुठे जातोयस का. शेवटी ‘नो’ आलं की काय, कुठे, का, कोण याचं उत्तर द्यायचं. ‘ना’ आलं की हो किंवा नाही. ‘मो मुन्नो?’ म्हणजे काय खाल्लंस, ‘बाम मुन्ना?’ म्हणजे जेवलास का. वाक्य नामावर संपलं तर हीच जोडी ‘गो’ आणि ‘गा’ अशी येते: ‘इगॉ मोगो?’ हे काय आहे, ‘इगॉ नि क्किगा?’ हे तुझं का. ही चार अक्षरं कानात बसली की लाइनवरचा गोंधळ माझ्या अंदाजाने एक तृतीयांश तरी कमी होतो, कारण साहेब लाइनवर मुख्यतः प्रश्नच विचारत असतात आणि दुभाष्याची पहिली चूक म्हणजे ‘का’ असा प्रश्न आलेला असताना ‘हो सर’ म्हणून मोकळं होणं.

मग येतो सूर. हा भाग पुस्तकातून शिकता येत नाही, पण कशामुळे आहे ते कळलं की त्याची भीती जाते. राजा सेजोंगने 1446 मध्ये लिपी जाहीर केली तेव्हा अक्षरांच्या डाव्या बाजूला ठिपके दिले जात. ठिपका नाही तर खालचा सूर, एक ठिपका म्हणजे वरचा, दोन ठिपके म्हणजे खालून वर चढणारा. म्हणजे तेव्हाची कोरियन सुरांची भाषा होती. पुढच्या दीड-दोन शतकांत मध्य भागातून तो सूर हरवला, ठिपकेही गेले. आग्नेयेला ग्यॉंगसांगमध्ये आणि ईशान्येला हामग्यॉंगमध्ये मात्र सूर टिकला. ‘माल’ म्हणजे घोडा आणि ‘माल’ म्हणजे भाषा, हे दोन शब्द बुसानची म्हातारी आजही वेगळ्या सुरात म्हणते. दोन या आकड्याला कोरियनमध्ये ‘इ’ म्हणतात आणि इंग्रजी ई या अक्षरालाही ‘इ’च. गणितात दोनाचा ई-वा घात आणि ई-चा दुसरा घात हे सोलच्या मुलांना बोलून वेगळे करता येत नाहीत, ग्यॉंगसांगची मुलं नुसत्या सुरावर करतात. ‘गागा गागा?’ हे तर सगळ्या देशाला माहीत असलेलं वाक्य. अर्थ: तो तोच का?

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही या सुरात आहे. शब्दाशब्दाला सूर वरखाली होतो, वाक्यं तुटक असतात, आवाज मोठा असतो. ग्यॉंगसांगचे लोक भांडल्यासारखे बोलतात असं सोलचे लोकही म्हणतात. त्यातून साहेब चिडलेत असा निष्कर्ष काढू नका. चिडले की नाही ते शब्दांवरून ठरवा.

पण शब्दांतही खड्डे आहेत. माझा नोकरीचा तिसरा महिना होता, कारखान्याचं नाव घेत नाही. दक्षिण ग्यॉंगसांगचे एक वयस्कर इंजिनिअर स्टोअरमध्ये आले आणि म्हणाले, ‘आरे’ आलेला माल बाहेर काढा. प्रमाण कोरियनमध्ये ‘आरे’ म्हणजे खाली. मी स्टोअरच्या मुलांना सांगितलं, खालच्या रॅकवरचा सगळा माल काढा. त्यांनी फोर्कलिफ्ट आणून चौदा पॅलेट बाहेर काढले. प्रत्यक्षात ग्यॉंगसांगमध्ये ‘आरे’ म्हणजे परवा, होऊन गेलेला परवा. त्यांना परवा आलेला, गंज लागल्याची शंका असलेला लॉट हवा होता आणि तो वरच्या रॅकवर तसाच होता. सगळं परत लावायला शिफ्ट संपली. मी लेबलं तपासत मुलांबरोबर शेवटपर्यंत थांबले. जाताना ते इंजिनिअर माझ्यासमोर थांबले, मान हलवली आणि ‘योक ब्वात्ता’ म्हणून निघून गेले. ‘योक’ म्हणजे शिवी, हे मला माहीत होतं. शब्दकोशात ‘योक बोदा’चा अर्थ अपमान होणं, नामुष्की ओढवणं असाही मिळतो. बसमध्ये रांजणगाव ते वाघोली मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. दुसऱ्या दिवशी ग्यॉंगसांगमधल्याच देगूच्या एका बाईंनी समजावलं की आमच्याकडे ‘योक ब्वात्ता’ म्हणजे ‘फार कष्ट घेतलेस, दमलीस’. तो माणूस माझी चूक पोटात घालून माझं कौतुक करून गेला होता, आणि मला त्याचे आभारही मानता आले नाहीत.

तेव्हापासून मी एक वही ठेवली. डावीकडे ऐकलेला शब्द जसाच्या तसा, उजवीकडे प्रमाण शब्द, खाली तो कुणी कुठे उभं राहून म्हटला ते. तुम्हीही ठेवा. त्यातले कारखान्याला लागणारे थोडे शब्द देते: ‘दान्दी’ म्हणजे नीट, पक्कं, काळजीपूर्वक. ‘दान्दी हेरा’ हे दिवसातून दहादा ऐकाल. ‘ऑक्सुरो’ म्हणजे खूप. ‘वा’ म्हणजे का, प्रमाण ‘वे’चं रूप. ‘मोराखानो’ म्हणजे काय म्हणतोस. ‘ग्वेआन्ता’ म्हणजे ठीक आहे, चालेल. उच्चारात दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्या भागाच्या पूर्वेकडची पुष्कळ माणसं, विशेषतः वयस्कर, साधा ‘स’ आणि दाबून म्हटलेला ‘स्स’ यांत फरक करत नाहीत, त्यामुळे तांदूळ म्हणजे ‘स्साल’ आणि मांस म्हणजे ‘साल’ दोन्ही सारखे येतात. दोन, ओठ पसरून म्हणायचा ‘उ’ आणि ‘ऑ’ हे स्वर तिथे एकमेकांत मिसळतात. त्यामुळे ओळखीचा शब्दही अनोळखी वाटतो. दोनदा मनात म्हणून पाहिला की बहुतेक वेळा सापडतो.

आता बोलायला शिकू का? माझं उत्तर ठाम ‘नको’ असं आहे, निदान पहिली काही वर्षं. कारण भाषेच्या आतलंच आहे. साहेब तुमच्याशी जी ‘ना’, ‘नो’, ‘गा’, ‘गो’ लावून बोलतात, ती सगळी वरच्याने खालच्याशी बोलायची रूपं आहेत, आपल्या ‘तू’सारखी. तुमच्या कानावर तीच पडणार, आणि तुम्ही ऐकून ऐकून तीच उचलणार. माझ्या एका विद्यार्थ्याने मीटिंगमध्ये आपलेपणा दाखवायला मॅनेजरना ‘मोराखानो?’ म्हटलं. खोलीत एकदम शांतता झाली. त्याला म्हणायचं होतं ‘काय म्हणालात साहेब?’, त्याच्या तोंडून गेलं ‘काय बडबडतोस?’. त्या बोलीतही आदर आहेच. ‘सुम्निदा’चं ‘सुम्निदॉ’ होतं, ‘सुम्निक्का’चं ‘सुम्निक्कॉ’. पण ती रूपं तुमच्यासमोर वापरायचा प्रसंग साहेबांवर फारसा येत नाही, म्हणून ती तुमच्या कानावर पडत नाहीत. ऐकताना ग्यॉंगसांग आणि बोलताना प्रमाण, हीच दुभाष्याची जागा आहे. ऐकलेलं वाक्य प्रमाण कोरियनमध्ये त्यांनाच परत म्हणून दाखवा आणि ‘असंच म्हणालात ना?’ विचारा. तारीख, आकडा, वर-खाली, आधी-नंतर यांत तर दर वेळी. याचा एकाही साहेबांना राग आलेला मी पाहिलेला नाही.

सगळे साहेब ग्यॉंगसांगचेच असतील असं नाही, हे मात्र परिस्थितीवर आहे. आसान किंवा छॉंगजूकडून आलेले असतील तर ते छुंगछॉंग प्रांतांचे. तिथे सूर शांत, वाक्याच्या शेवटी लांबवलेला ‘यु’, आणि नकार कधी तोंडावर नाही. ‘ग्वेन्छानायु’ म्हणजे चालेल, पण चालेल म्हणजे खरंच चालेल की राहू दे, हे चेहऱ्याकडे पाहून ठरवावं लागतं. तपासणीच्या नमुन्याबद्दल असं उत्तर आलं तर मी नेहमी पुढचा प्रश्न विचारते: मग हा पास लिहू का?

नैर्ऋत्येच्या जॉल्लाबद्दल थोडं थांबून सांगते. तिथला ‘गॉशिगी’ हा शब्द म्हणजे आपलं ‘ते आपलं हे’. नाव आठवलं नाही, घ्यायचं नसलं, समोरच्याला कळलंच आहे असं वाटलं, की ‘गॉशिगी’. तो प्रमाण शब्दकोशातही आहे. पण जॉल्लाच्या माणसासमोर त्याच्या बोलीची नक्कल कधीही करू नका, कितीही मैत्री असली तरी. उद्योग आग्नेयेला गेले तेव्हा जॉल्ला मागे राहिला, तिथली माणसं पोटासाठी सोलला आली, आणि कित्येक वर्षं पडद्यावर गुंड आणि मोलकरणी जॉल्लाच्या बोलीतच बोलत. 1980 मध्ये ग्वांगजूत लष्कराने माणसं मारली, त्याची जखम वेगळी. वयस्कर माणसं सोलमध्ये नोकरी मिळवायला आपली बोली लपवत. तुम्हाला जो सूर गोड वाटतो, तो त्यांना कशाची आठवण करून देईल सांगता येत नाही.

जेजू बेटाची भाषा तुमच्या कामात क्वचित येईल. ती बोली म्हणायची की वेगळी भाषा, यावर अनेक अभ्यासक ‘वेगळी भाषा’ म्हणणाऱ्या बाजूचे आहेत, आणि मीही. मुख्य भूमीच्या कोरियन माणसाला वयस्कर जेजूकरांचं आपसातलं बोलणं कळत नाही. 15 व्या शतकातला ठिपक्यासारखा लिहायचा एक जुना स्वर तिथे वृद्धांच्या तोंडी अजून आहे. युनेस्कोने 2010 मध्ये तिची गणना अत्यंत धोक्यात आलेल्या भाषांत केली. विमानतळावर ‘होन्जॉ ओप्सॉये’ अशी पाटी दिसते. मुख्य भूमीच्या लोकांना ती ‘एकटे या’ अशी वाटते, खरा अर्थ ‘या, लवकर या’. तिथे ‘गाम्जॉ’ मागितलं तर रताळं मिळतं, आणि बटाट्याला ‘जिसुल’ म्हणतात. प्रमाण कोरियनमध्ये बटाटा म्हणजे ‘गाम्जा’. काकासाठी असलेला ‘साम्छुन’ हा शब्द गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्याला लागतो, बाईलासुद्धा. आणि तिथला ‘सोगास्सुदा’ सोलच्या कानाला ‘फसलात’ असा ऐकू येतो, पण अर्थ ‘कष्ट घेतलेत’ असा. माझ्या ‘योक ब्वात्ता’चं हे सख्खं भावंड. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

लिहिण्याबद्दल दोन गोष्टी राहिल्या. पहिली, चॅट. मेलमध्ये सोलचे असणारे साहेब काकाओटॉकवर मात्र तोंडाने बोलतात तसंच लिहितात, ‘मोहानो’, ‘बाममुन्ना’, सगळं जोडून. ते शब्दकोशात शोधू नका, मोठ्याने वाचा. सूर लिहिता येत नाही एवढीच उणीव. आणि प्रमाण म्हणजे दगडावरची रेघ समजू नका. काळ्या सॉसच्या नूडल्सना सगळा देश ‘ज्जाजांगम्यॉन’ म्हणायचा आणि नियम सांगायचा ‘जाजांगम्यॉन’ लिहा. 2011 मध्ये नियमाने हार मानली, आता दोन्ही चालतात.

दुसरी, उत्तर कोरिया. तिथे 1966 पासून प्रमाण भाषेला ‘मुन्ह्वाऑ’ म्हणतात आणि ती प्यॉंगयांगवर आधारलेली आहे असं सांगतात. तुम्हाला तिचं काय काम असं वाटेल, पण चीनच्या यानब्यन भागातल्या कोरियन लोकांचं लिखाण बरंचसं उत्तरेच्या वळणाचं असतं, आणि चीनमधल्या कारखान्यातून आलेल्या कागदांत ते भेटतं. चिनी मुळाच्या शब्दांत सुरुवातीचा ‘र’ आणि ‘न’ दक्षिणेत बदलतो किंवा गळतो, उत्तरेत तसाच लिहितात. श्रम म्हणजे दक्षिणेत ‘नोदोंग’, उत्तरेत ‘रोदोंग’. स्त्री म्हणजे ‘यॉजा’, तिकडे ‘न्यॉजा’. आडनावही दक्षिणेत ‘इ’, तिकडे ‘रि’. दक्षिणेत सुटे लिहिलेले शब्द तिकडे जोडून येतात, आणि शब्दकोशात अक्षरांचा क्रमही वेगळा, त्यामुळे शब्द सापडत नाही म्हणजे शब्दच नाही असं नव्हे. ‘नाक्जी’ म्हणजे दक्षिणेत लहान ऑक्टोपस, उत्तरेत स्क्विड. सर्वांत जपून ‘इरॉप्सुम्निदा’. उत्तरेचा आणि यानब्यनचा माणूस ते ‘काही हरकत नाही’ म्हणून प्रेमाने म्हणतो, दक्षिणेच्या माणसाला ते ‘गरज नाही, जा’ असं तुसडं लागतं. एकदा कॉलवर यानब्यनच्या मुलाने ते म्हटलं आणि सोलचे साहेब गप्प झाले. मी तिथल्या तिथे अर्थ सांगितला, मग काम पुढे गेलं.

उद्या काय कराल ते सांगते. जेवणाच्या सुट्टीत साहेबांना विचारा, ‘गोह्यांगी ऑदिशिम्निक्का?’ आपलं गाव कुठलं? छांगवॉन ही नोकरीची जागा असेल, गाव मिर्यांग असेल, जिंजू असेल, कदाचित जॉल्लातलं एखादं बंदरही असेल. कोरियन माणूस या प्रश्नाला सहसा मनापासून उत्तर देतो, आईच्या हातच्या माशापर्यंत जातो, आणि ते सांगताना तो पूर्णपणे आपल्या बोलीत शिरतो. तेव्हा मध्ये बोलू नका. नुसतं ऐका, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्या गावाचं नाव लिहा.